सुरांची चक्रवाढ

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा हे गाव वृत्तपत्रांतून झळकू लागल्यापासून हिंगोली जिल्ह्यात ‘लायगो’ हा शब्द शाळकरी मुलांच्या तोंडीही बसला आहे. ज्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ रोजी ज्याची कोनशिला पंतप्रधानांनी बसविली, ती गुरुत्वीय लहरींची वेधशाळा तेथे उभी राहावयाची आहे. आणि आकाशाकडे न पाहता, चार चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू जमिनीवर पसरून, विश्वातील अतिदूरच्या घडामोडींची कंपने ती टिपणार आहे. ही कंपने कोणत्या पट्टीत येतील, ती किती वेगाने चढतील आणि त्यांतून काय ओळखता येईल, हे समजून घेण्यासाठी ज्या गणिताची गरज आहे, ते गणित याच तालुक्यातल्या प्रत्येक भजनी मंडळाच्या पेटीत आज शंभराहून अधिक वर्षे वाजत आले आहे, आणि त्याची ओळख मात्र आपण आपल्या मुलांना करून दिलेली नाही. प्रस्तुत लेखाचा उद्देश ती ओळख करून देण्याचा आहे.

हा मुलूख गाण्याला अपरिचित नाही. निजामाच्या अमलात हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पुढे परभणीच्या दप्तरात सामील असलेले हे तालुके १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाले. परंतु या सरकारी नोंदींहून कितीतरी जुनी नोंद कयाधूकाठच्या नर्सीची आहे, जी नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांच्या मनात कोरलेली आहे आणि जेथे आषाढीनंतरच्या परतवारीला माणसांचा पूर लोटतो. औंढ्याच्या नागनाथाचे देऊळ नामदेवांच्या कीर्तनासाठी फिरले, ही आख्यायिका या भागात ज्याने लहानपणी ऐकली नाही असा माणूस सापडणे कठीण. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात रागवार संगृहीत आहेत, यावरून या कीर्तनाचा सूर किती दूर गेला याची कल्पना येते.

आजही गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत जो वाद्यमेळ असतो, त्याकडे जरा शास्त्रीय दृष्टीने पाहावे. मध्यभागी विणेकरी उभा असतो. त्याच्या गळ्यातली वीणा सप्ताह संपेपर्यंत खाली ठेवावयाची नाही, पहारा बदलला की ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जावयाची, ही वहिवाट. बाजूला पखवाज, ज्याच्या डाव्या पुडीला कणीक आणि उजवीला शाई; त्या शाईच्या भारामुळेच कातड्याची विस्कळीत कंपने सुरेल पूर्णांकांच्या पटीत येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले. टाळांचा विचार येथे सोडून देऊ, कारण धातूच्या त्या जाड वाट्यांचे अंशस्वर कोणत्याही साध्या पटीत बसत नाहीत. आणि शेवटी पेटी, जी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली, कलकत्त्याच्या कारागिरांनी जिला हाताच्या भात्याची करून जमिनीवर बसविली, आणि जी आता आपल्याला इतकी घरची वाटते की तिच्याशिवाय भजनाची कल्पनाच करवत नाही.

पेटी उघडून आत पाहावे. ‘खर्ज, नर, मादी’ अशा तीन सुरांच्या पेटीत एकाच पट्टीखाली पितळेच्या तीन जिभा असतात: नराचा सूर सेकंदाला २२० आंदोलने घेत असेल तर मादीचा ४४० आणि खर्जाचा ११० घेतो. तिन्ही एकदम वाजल्या तरी अडाणी श्रोताही म्हणतो की सूर एकच आहे, फक्त भरदार झाला. आता यातील अंतरे पाहा. ११० पासून २२० पर्यंत ११० आंदोलनांचा फरक; २२० पासून ४४० पर्यंत २२० चा; त्यावरच्या सप्तकात, ४४० पासून ८८० पर्यंत, ४४० चा. वजाबाकी प्रत्येक वेळी दुपटीने वाढत असता कान मात्र निक्षून सांगतो की ही तिन्ही अंतरे तंतोतंत समान आहेत. कानाला फरक कळत नाही, पट कळते; बेरीज त्याच्या हिशेबी नाही, गुणाकारच आहे. माझ्या मते संगीताच्या गणितातील सर्वांत खोल गोष्ट हीच, आणि पुढचे सारे तिच्यातून निघते.

ज्याने सावकाराच्या वहीतले सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज यांतील भेद अनुभवला आहे त्याला हा स्वरांचा क्रम उमगण्यास अडचण पडू नये. सा ची आंदोलने २४० धरू, जशी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आपल्या विवेचनात धरली आहेत. वरचा सा ४८०. मधल्या बारा पायऱ्या सरळव्याजाने, म्हणजे प्रत्येकी २० आंदोलने वाढवीत, २४०, २६०, २८० अशा बसविल्या, तर खालच्या पायऱ्या प्रशस्त आणि वरच्या चिंचोळ्या होतील. पहिली पायरी नेहमीच्या अर्धस्वराच्या जवळजवळ १.४ पट, आणि शेवटची त्याच्या पाऊण हिश्श्याहूनही किंचित लहान. अशा पेटीवर एका पट्टीतले भजन दुसऱ्या पट्टीत वाजवू गेल्यास चाल ओळखू येणार नाही. म्हणून पेटी चक्रवाढीने चालते: प्रत्येक पायरीवर मागील मुद्दलाच्या ५.९४६ टक्के वाढ. हा दर सरळव्याजाने लावला असता बारा पायऱ्यांनंतर वाढ अवघी ७१.३५ टक्के भरली असती. चक्रवाढीने ती बरोबर १०० टक्के होते, आणि २४० चे ४८० पुरे होतात. गणिताच्या परिभाषेत हा दर म्हणजे दोनचे बारावे मूळ, १.०५९४६३, आणि ही श्रेढी भूमितीय. घातांक एकेक पाऊल चालतो, आंदोलने पटीने धावतात.

या दुपटीची शास्त्रोक्त नोंद शोधू गेले असता आपण मराठवाड्याबाहेर न जाता देवगिरीस पोहोचतो, जे औंढ्यापासून दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, यादव राजा सिंघणाच्या पदरी, शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचा आजा काश्मिरातून दक्षिणेस आला. बाप सोढल यादवांच्या चाकरीत चढला. आणि शार्ङ्गदेव स्वतः राज्याच्या करणाचा, म्हणजे हिशेब-दप्तराचा, प्रमुख झाला. पुढे ज्या खात्यावर हेमाद्री बसला तेच हे खाते. या हिशेबनिसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि त्यात नादाची तीन स्थाने सांगताना हृदयात मंद्र, कंठात मध्य आणि मस्तकात तार अशी योजना करून, प्रत्येक पुढले स्थान मागल्याच्या दुप्पट असे स्वच्छ विधान केले. दोन, चार, आठ ही श्रेढी त्या एका विधानात गर्भित आहे.

त्याहून मला विलक्षण वाटतो तो त्याचा श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म पायऱ्यांचा, प्रयोग. बावीस बावीस तारांच्या दोन वीणा घ्याव्यात. तारा एकीपेक्षा एक इतक्याच चढवाव्यात की दोहोंमध्ये तिसरा नाद शिरू नये. मग एक वीणा अचल ठेवून दुसरी क्रमाक्रमाने एकेक श्रुती उतरवीत जावे. दुसऱ्या उतरणीला चल वीणेचे गांधार-निषाद अचल वीणेच्या ऋषभ-धैवतात मिळतात, कारण ते द्विश्रुतिक, म्हणजे दोन श्रुतींचे. तिसरीला ऋषभ-धैवत षड्ज-पंचमात मिळतात. चौथीला षड्ज, मध्यम, पंचम आपापल्या खालच्या स्वरांत विलीन होतात. चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन: बेरीज बावीस. या रीतीत स्वरांतरांची बेरीज-वजाबाकी होते, आणि प्रत्यक्षात मात्र आंदोलनांचा गुणाकार-भागाकार होत असतो. गुणाकाराचे रूपांतर बेरजेत करणे म्हणजेच लॉगरिदम, ज्याची कोष्टके नेपियरने १६१४ साली प्रसिद्ध केली. शार्ङ्गदेवाला लॉगरिदम ठाऊक होते असे म्हणणे हा खोटा अभिमान होईल. त्याच्यापाशी ना आंदोलनसंख्या होत्या ना कोष्टके. परंतु कान जी बेरीज करतो तिला त्याने शिस्तीची मांडणी दिली, आणि ही मांडणी मूळ भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेली असल्याने तिचे वय त्याहूनही मोठे आहे.

मग पेटीने बारा समान भाग का केले, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर दोन आणि तीन या अंकांच्या जुन्या वैरात आहे. सप्तकाचे प्रमाण दोनास एक. षड्ज-पंचमाचे तीनास दोन. सा पासून पंचम, त्या पंचमाचा पंचम, असे बारा वेळा चढत गेले की आपण सात सप्तके वर, पुन्हा सा वर, यावयास हवे. येत नाही. दीडचा बारावा घात १२९.७४६ होतो, आणि दोनचा सातवा घात १२८. सुमारे १.३६ टक्क्यांची ही तफावत कोणत्याही युक्तीने नाहीशी होणारी नाही, कारण तीनचा प्रत्येक घात विषम, दोनचा प्रत्येक घात सम, आणि विषम संख्या समाशी कधीही जुळत नाही. निसर्गानेच हिशेबात बाकी ठेवली आहे. ही बाकी बारा पंचमांवर सारखी वाटून टाकावी, म्हणजे कोणाच्याही वाट्याला जाणवेल इतका तोटा येणार नाही, ही तडजोड म्हणजे आजची पेटी. तिचे अचूक गणित प्रथम मांडले ते चीनच्या मिंग राजघराण्यातील झू झाइयू या राजपुत्राने, १५८४ साली: दोनचे वर्गमूळ, त्याचे पुन्हा वर्गमूळ, आणि त्याचे घनमूळ, मणिचौकटीवर अनेक दशांश स्थळांपर्यंत. त्यातले पहिले वर्गमूळ पेटीवर कोठे बसते हे वाचकाने स्वतः बोटाने पाहावे: सप्तकाच्या बरोबर मध्यावर, तीव्र मध्यमात. ज्या दोनच्या वर्गमूळासाठी यज्ञवेदी मोजणाऱ्या शुल्बसूत्रकारांनी ५७७ भागिले ४०८ हे सुरेख निकटमूल्य काढले, तीच राशी पेटीच्या पट्टीखाली निमूटपणे नांदते आहे. छत्तीस इंची तारेवर, भातखंड्यांनी अहोबलाच्या ‘संगीतपारिजाता’चा आधार घेऊन जी स्वरस्थाने समजावली त्यांत, वरचा सा १८ इंचांवर, मध्यम २७ वर, पंचम २४ वर, असे सारे सुटसुटीत अंक येतात, पेटीचा तीव्र मध्यम मात्र २५.४५५८... असा कधीही न संपणाऱ्या अपूर्णांकावर पडतो.

या तडजोडीची किंमत कोणाला मोजावी लागते, हे सप्ताहाच्या मांडवात, टाळ थांबलेले असताना, विणेजवळ कान नेल्यास ऐकू येते. काळी एकची पट्टी धरू. तिचा सा १३८.५९ आंदोलनांचा. विणेची तार छेडली की मूळ स्वरासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट आंदोलनांचे अंशस्वर निघतात, आणि तो पाचपटीचा अंशस्वर म्हणजेच तंबोऱ्यातून आपोआप डोकावणारा गांधार, ६९२.९६ आंदोलनांचा. आता पेटीवर शुद्ध गांधार धरला तर त्याची आंदोलने १७४.६१, आणि त्याच्या चौपटीचा अंशस्वर ६९८.४६. दोन्ही एकत्र आले की त्यांच्यातील साडेपाच आंदोलनांच्या फरकामुळे सूर सेकंदाला पाचसहा वेळा थरथरतो. विणेचा गांधार शांत, पेटीचा चढा, आणि दोघांच्या मध्ये ही थरथर. पंचमाची गोष्ट वेगळी: तेथे फरक अर्ध्या आंदोलनाहूनही कमी, म्हणजे दोन सेकंदांतून एखादा संथ हेलकावा, जो कोणाच्या लक्षातही येत नाही. तडजोडीने पंचम सांभाळला, गांधाराला झळ लागली. पेटी दुरुस्त करणारा कारागीर हातातल्या बारीक कानशीने पितळी जिभेचे टोक घासून सूर चढवितो आणि मुळाशी घासून उतरवितो. त्याने गांधाराच्या जिभेचे मूळ थोडे घासले तर ही थरथर नाहीशी होईल, परंतु मग तीच पट्टी दुसऱ्या कोणाच्या सुरात पंचम किंवा मध्यम म्हणून लागेल तेव्हा ती त्या जागी बेसूर ठरेल. एकाची दाद लावली की दुसऱ्याची फिर्याद उभी राहते.

महाराष्ट्रात या फिर्यादीची चौकशी मोठ्या कसोशीने झाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, व्यवसायाने डेप्युटी कलेक्टर, यांनी गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याच्या आधाराने श्रुतींची मापे काढली आणि १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी त्या विषयाला वाहून घेऊन १९१३ साली स्वतःचे पुस्तक काढले. आणि लंडनहून श्रुतींची एक खास पेटी बनवून आणविण्यात आली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर जो खल झाला त्यात भातखंड्यांसारख्या अधिकारी पुरुषांनी आक्षेप घेतले, कारण गवई एकच स्वर रागपरत्वे किंचित चढा वा उतरा लावतो आणि कोणतीही ठोकलेली जीभ त्या लवचिकतेला पुरी पडत नाही. शार्ङ्गदेव हिशेबनीस, देवल महसुली अंमलदार, क्लेमेंट्स न्यायाधीश, भातखंडे वकील: नादाची मोजणी करणारी ही माणसे दप्तरात वाढलेली होती, आणि मोजणीची शिस्त त्यांनी गाण्याच्या सेवेस आणली याबद्दल मला त्यांचा नितांत आदर वाटतो. त्यानंतर १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली, जी पुढे तीन दशके टिकली. ही बंदी मला अन्यायाची वाटते. पेटीने खेड्यातल्या ज्या गळ्यांना सुरावर आणले त्यांना तंबोरा लावून देणारा गुरू कधी भेटला नसता. आणि वीणा शेजारी असेल तर खरा गांधार कोणता याचा साक्षीदार मांडवातच उभा असतो. दोन्ही ठेवावीत, आणि मुलांना दोन्ही ऐकवावीत.

कान असा पटीनेच का मोजतो, याचा उलगडा शरीरशास्त्राने बराचसा केला आहे. अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा एक पडदा असतो, ज्याच्या एका टोकाशी उच्च आणि दुसऱ्या टोकाशी नीच कंपने उमटतात. गेओर्ग फॉन बेकेशी यांना या संशोधनाबद्दल १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पडद्याच्या बऱ्याच मोठ्या भागावर प्रत्येक सप्तकाला जवळजवळ सारखी जागा मिळते. २० पासून २०,००० आंदोलनांपर्यंतचा अफाट प्रदेश हा दहा सप्तकांत आटपतो, कारण दोनचा दहावा घात १,०२४.

आता दुधाळ्याकडे येऊ. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन जुळ्या वेधशाळांनी, एकशेतीस कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली जी पहिली गुरुत्वीय लहर पकडली, तिने चार किलोमीटरांच्या बाहूंची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याइतकीच हलविली. परंतु तिची आंदोलने मानवी कानाच्या कक्षेतली होती: एक पंचमांश सेकंदात ३५ पासून २५० पर्यंत चढत गेलेली. ३५, ७०, १४०, २८०: म्हणजे तीन सप्तकांना थोडी कमी, साडेतीन सप्तकांच्या साध्या पेटीवर मावेल अशी तान. ही वार्ता ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाली आणि अवघ्या सहा दिवसांत भारतातील वेधशाळेला तत्त्वतः मान्यता मिळाली. गोंगाटात बुडालेली अशी तान शोधून काढण्याची रीत, म्हणजे संभाव्य तानांचे गणिती नमुने आधीच करून ठेवून आलेल्या नोंदीशी एकेक ताडून पाहणे, ही विकसित करणाऱ्यांत पुण्याच्या आयुका संस्थेचे संजीव धुरंधर अग्रणी होते, आणि त्यांनी हे काम पहिल्या लहरीच्या दोन दशकांहून अधिक आधी हाती घेतले होते.

या तानेची चढण पेटीच्या चढणीहून निराळी आहे. दोन जड खगोलांचे एकमेकांभोवती फिरणे जसजसे आवळत जाते तसतशी आंदोलने वाढतात, आणि आइन्स्टाइनच्या सिद्धांतावरून निघणारा स्थूल नियम असा की, आंदोलने दुप्पट झाली की टक्कर होईपर्यंत उरलेला काळ दोनच्या आठतृतीयांश घाताने, म्हणजे ६.३५ पटींनी, घटतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची जी लहर आली ती २४ आंदोलनांपासून सुमारे १०० सेकंद ऐकू आली. या नियमाने हिशेब मांडला तर ४८ आंदोलनांना पोहोचताना जवळजवळ १६ सेकंद उरतात. ९६ ला अडीच. १९२ ला चार दशांश. ३८४ ला सहा शतांश. आंदोलने प्रत्येक सप्तकाला दुणावतात आणि वेळ त्याच पायरीवर सहाहून अधिक पटींनी आटतो, अशा दोन भूमितीय श्रेढी एकमेकींच्या उलट दिशेने चाललेल्या. शाळेतल्या घातांकाच्या धड्याला याहून जिवंत उदाहरण मला सुचत नाही, आणि हिंगोलीच्या मुलांना ते आपल्या तालुक्यातले म्हणून शिकविता येईल.

या हिशेबाचा एक व्यवहारी निष्कर्ष आहे. तान वरच्या सप्तकात ऐकून फारसे हाती लागत नाही, कारण तेथे वेळच उरलेला नसतो. जो काही अवधी मिळावयाचा तो खर्जातच. वेधशाळेचा कान २४ ऐवजी १० आंदोलनांपर्यंत खाली पोहोचला, म्हणजे सव्वा सप्तक आणखी उतरला, तर तेच १०० सेकंद दहा पटींहून थोडे अधिक वाढून सतरा मिनिटांच्या घरात जातात. नीच कंपनांत सर्वांत मोठा अडथळा जमिनीच्या स्वतःच्या थरथरीचा असतो: रहदारी, यंत्रे, वारा, भूकंपाचे बारीक धक्के. म्हणूनच जागेची निवड करताना शास्त्रज्ञांनी जमीन किती शांत आहे हे आधी तपासले, आणि महाराष्ट्राचा हा कोपरा त्यांच्या पसंतीस उतरला. वेधशाळा सुरू झाल्यावर लहर कोणत्या दिशेने येत आहे हे अमेरिका, इटली आणि जपान येथील उपकरणांच्या जोडीने दुधाळ्याहून अधिक नेमके ठरविता येईल, आणि त्या खर्जातल्या मिनिटांचा उपयोग जगभरच्या दुर्बिणी त्या दिशेस वळविण्यासाठी करता येईल.